महिलांसाठीचे कुस्ती, ज्युदो आणि जिउ-जित्सूचे वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी शिकणारी आणि आता शिकवायला हात लावणारी म्हणून मी बरीच वर्षं महिलांच्या वर्गात मॅटवर आहे. फोनवर, दारात, बूट काढता काढता जे प्रश्न विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

मिश्र वर्ग असताना महिलांसाठी वेगळा वर्ग कशाला?

लोकांना वाटतं लाजेमुळे. लाज हे कारण आहेच, पण दुसऱ्या नंबरचं. पहिलं कारण जोडीचं. पकडीच्या खेळात शिकणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर शिकणं. त्याला व्हिडिओचा पर्याय नाही आणि भिंतीचाही नाही. त्यामुळे कुस्तीत म्हणतात तशी ‘जोड’ मिळावी लागते. ५२ किलोची नवखी आणि ८५ किलोचा नवखा अशी गाठ पडली की दोघांचंही शिक्षण थांबतं. आपला डाव चुकला म्हणून फसला की वजनाखाली फसला, हे तिला कळत नाही. आपल्याला डाव जमला की आपण नुसतं दाबलं, हे त्यालाही कळत नाही. महिलांच्या वर्गात एका संध्याकाळी तोडीस तोड अशा चार-पाच जणी मिळाल्या, तर तेवढ्यात जे शिकून होतं त्याला एरवी महिना लागतो.

दुसरं कारण म्हणजे तोंड उघडता येणं. ‘छातीवर गुडघा आला की जीव जातो, कोपर कुठे ठेवू?’ हा प्रश्न वीस पुरुषांच्या घोळक्यात सहसा कुणी विचारत नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नांपायीच बायका वर्ग सोडतात.

हा प्रकार नवा आहे का?

मुळीच नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली आणि १९२६ मध्ये तिथे महिलांचा स्वतंत्र विभाग उघडला. पण त्या विभागाने दार उघडलं तसं छप्परही घातलं. भर ठरीव आकृतिबंधांवर होता, स्पर्धा महिलांसाठी नव्हतीच, आणि पाचव्या दानच्या (दान म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पायऱ्या) वर महिलेला चढता येत नसे. त्या विभागात घडलेल्या केइको फुकुदा १९५३ पासून जवळपास वीस वर्षं पाचव्या दानवर थांबून राहिल्या. दहावा दान त्यांना २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या संघटनेने दिला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या ज्युदोपटू रस्टी कानोकोगी यांची. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका ज्युदो स्पर्धेत त्या केस आखूड कापून, छाती बांधून पुरुषांच्या संघातून उतरल्या. लढत जिंकल्या, पदक गळ्यात पडलं, मग विचारणा झाली आणि पदक काढून घेतलं गेलं. ते परत मिळायला २००९ साल उजाडलं. मधल्या काळात त्या कोदोकानला गेल्या, तिथल्या महिला विभागाला त्या झेपेनात आणि त्यांना पुरुषांच्या गटात सरावाला पाठवलं गेलं. पुढे १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरली, त्यामागे याच बाई होत्या; त्यासाठी त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. ऑलिम्पिकमध्ये महिला ज्युदोची पदकं १९९२ पासून. महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ची, ऑलिम्पिक प्रवेश २००४ चा, तोही चार वजनगटांत. २०१६ पासून सहा झाले. ग्रीको-रोमन शैली, म्हणजे कमरेखाली पकड नसलेली कुस्ती, ऑलिम्पिकमध्ये अजूनही फक्त पुरुषांची आहे.

इतकं लांबण लावलं कारण दार आणि छप्पर हा फरक पुढच्या प्रश्नालाही लागू आहे.

महिलांच्या वर्गात सगळं हलकं-फुलकंच असतं, असं ऐकलं. खरं का?

काही ठिकाणी खरं आहे, आणि तिथून तुम्ही काढता पाय घेतलात तर माझा पाठिंबा. नाव ‘महिला विशेष’ आणि आत एरोबिक्ससारखी गाणी, चार डाव दाखवून टाळ्या. असा वर्ग वाईट असतो असं नाही, व्यायाम होतो. पण तो पकडीचा खेळ नव्हे.

वर्ग पारखायचा असेल तर एकच गोष्ट बघा: समोरची खरोखर विरोध करते आहे, असा सराव रोज होतो का? ज्युदोत त्याला रंदोरी म्हणतात, जिउ-जित्सूत रोल करणं, कुस्तीत सरळ लढत. तासाभरात निदान पंधरा-वीस मिनिटं तरी हे हवं. अगदी नवख्या असाल तर ठरलेल्या स्थितीतून, मर्यादित जोराने, पण विरोध खरा हवा. सहा महिने झाले आणि अजून कुणी तुम्हाला खरंच अडवलेलं नाही, तर तुम्ही नाच शिकताय.

बाकीच्या खुणा छोट्या, पण बोलक्या. पट्टा किंवा बढती इतरांच्याच निकषावर मिळते का? महिलांच्या वर्गातून स्पर्धेला कुणी गेलंय का? वेळ कुठली दिली आहे? मी शिकायला लागले तेव्हा आमचा वर्ग भर दुपारी होता, अर्ध्या मॅटवर घडीच्या खुर्च्या रचलेल्या असत आणि त्या आम्हीच उचलायच्या. हौस म्हणून चालवलेला वर्ग आणि मनापासून चालवलेला वर्ग यांतला फरक त्या खुर्च्यांवरून मला तेव्हाच कळायला हवा होता.

कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू, सांबो: कुठलं निवडू?

जवळ जे चांगलं शिकवलं जातंय ते. टाळाटाळ वाटेल, पण खेळापेक्षा शिकवणारी माणसं आणि जाण्यायेण्याचा वेळ यावरच तुम्ही टिकणार की नाही हे ठरतं.

तरी फरक सांगते. कुस्तीत पाठ टेकवणं हे लक्ष्य. गळा आवळणं किंवा सांधा मुरडून हार पत्करायला लावणं तिथे नाही. महिलांची आंतरराष्ट्रीय कुस्ती फ्रीस्टाइल असते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. दमछाक सगळ्यात जास्त इथेच. ज्युदोत गी, म्हणजे खेळाचा जाड कापडाचा पोशाख, धरून फेकणं मुख्य, खाली आल्यावर २० सेकंद दाबून धरलं तरी पूर्ण विजय. सांध्यांत फक्त कोपरावरचे डाव चालतात. ब्राझीलियन जिउ-जित्सूचा जीव जमिनीवर: पाठीवर पडूनही लढता येतं, म्हणून लहान चणीच्या मुलींना तो पटकन आवडतो. सांबो ही रशियात घडलेली कुस्ती; तिच्या क्रीडा प्रकारात पायांचे लॉक (सांधा मुरडणारे डाव) चालतात, गळा आवळणं चालत नाही.

पडायची फार भीती वाटत असेल तर जिउ-जित्सूपासून सुरुवात करा. उभ्याने खेळायला आवडत असेल तर ज्युदो किंवा कुस्ती.

असे वर्ग असतात तरी कुठल्या स्वरूपात?

आठवड्यातून एक-दोनदा भरणारा नेहमीचा वर्ग. सहा-आठ आठवड्यांचा नवख्यांचा अभ्यासक्रम. एखाद्या अनुभवी महिला खेळाडूचं एक-दोन दिवसांचं शिबिर. आणि ओपन मॅट, म्हणजे शिकवणं नाही, नुसतं येऊन एकमेकींशी खेळायचं. शेवटच्या प्रकाराला नवख्या दबकतात, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. वेगवेगळ्या क्लबांतल्या महिला एकत्र येतात आणि आपल्या क्लबात एकटी पडलेली पर्पल बेल्टवाली, म्हणजे जिउ-जित्सूत मधल्या पातळीवर पोचलेली, पहिल्यांदाच बरोबरीच्या तिघींशी खेळते. शोधायचं असेल तर क्लबला ‘महिलांचा वर्ग आहे का’ असं विचारू नका. ‘सध्या नियमित येणाऱ्या महिला किती, आणि त्यांच्यातली सगळ्यात जुनी किती वर्षं टिकली आहे’ असं विचारा.

प्रशिक्षक पुरुष असेल तर?

चालतं. अनुभवी महिला प्रशिक्षक अजून पुरेशा नाहीत, हे वास्तव आहे. मात्र डाव दाखवताना तो कुणाला जोडीला घेतो, हात लावण्याआधी विचारतो का, आणि ‘नको’ म्हटल्यावर चेहरा पाडतो का, हे बघा. या खेळात स्पर्श आहेच. छाती छातीला लागते, मांड्यांत डोकं अडकतं. म्हणूनच कामाचा स्पर्श आणि बिनकामाचा स्पर्श यांतला फरक दोन-तीन दिवसांत शरीराला आपोआप कळायला लागतो. त्या कळण्यावर विश्वास ठेवा. तक्रार कुणाकडे करायची याचं उत्तर ‘माझ्याकडेच’ असं प्रशिक्षक देत असेल, तर तिथे तक्रारीची सोय नाही असं समजा.

आधी वजन कमी करून, ताकद कमावून मग येऊ का?

नको. ‘आधी’ कधी उजाडत नाही. चाळिशीत, पन्नाशीत सुरुवात केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. हृदयाचा, मणक्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून या.

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं?

पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, हात मॅटवर आपटायचे, डोकं टेकू द्यायचं नाही. मग टॅप: जोडीदारणीच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटलं की तिने लगेच सोडायचं. हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होऊ शकतं, म्हणून इथे सहनशक्ती दाखवायची नसते. टॅप करणं म्हणजे हरणं नाही, ‘कळलं, पुन्हा करू’ असं म्हणणं आहे.

मग बहुधा माउंटमधून सुटणं. कल्पना करा, एक बाई तुमच्या पोटावर मांड ठोकून बसली आहे. नवखी काय करते? दोन्ही हात लांब करून तिला ढकलते, हातांतला जोर मिनिटभरात संपतो आणि वर कोपराचा सांधा आयता तिच्या हाती लागतो. त्याऐवजी कोपरं बरगड्यांना चिकटवा. श्वास सोडा, हो, सोडा. नवख्यांनी तो हमखास कोंडलेला असतो. तिचा एक मनगट पकडून छातीशी आवळा, त्याच बाजूच्या तिच्या पावलाबाहेरून आपलं पाऊल अडकवा, म्हणजे त्या बाजूला टेकायला तिच्याकडे काही उरलं नाही. टाचा जवळ ओढा आणि कंबर वर फेका. सरळ नव्हे, अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी. ती उलटते. पहिल्यांदा उलटली की बहुतेक जणी हसतात, एखादी रडतेही. दोन्ही चालतं.

कुणी अंगावर बसलं की घुसमटतं, जुन्या गोष्टी आठवतात. जमेल का मला?

अनेकींना जमलं आहे, पण वेग तुमचा हवा. आमच्याकडे पद्धत अशी: प्रशिक्षिकेला एवढंच सांगायचं की ‘अमुक स्थिती मला जड जाते’. कारण सांगायची गरज नाही. त्या स्थितीत तुम्ही आधी वर बसता, खाली नंतर येता, आणि खाली असताना केव्हा थांबायचं ते तुम्हीच ठरवता. पाच सेकंद, मग दहा. मॅट सोडून जायचं झालं तर परवानगी मागायची नाही. एक मात्र स्पष्ट: प्रशिक्षक म्हणजे समुपदेशक नव्हे. झोप उडत असेल, आठवणींचे लोंढे येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत सोबत चालू हवी. ‘खेळाने सगळं बरं होतं’ असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा.

कपडे, केस, ब्रा वगैरे?

अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट किंवा रॅशगार्ड (सरावाचा ताणला जाणारा घट्ट सदरा), खिसे आणि चेन नसलेली लेगिंग किंवा शॉर्ट. खिशात समोरचीची बोटं अडकून मोडतात. ब्रा स्पोर्ट्सची, हुक, वायर, बक्कल काहीच नसलेली. गी घालणार असाल तर आत टी-शर्ट किंवा रॅशगार्ड घालायचाच. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही महिलांसाठी आत पांढरा टी-शर्ट सक्तीचा आहे. केसांच्या दोन वेण्या सगळ्यात टिकतात. एक अंबाडा डोक्यामागे आला की पाठीवर पडताना मान उचलली जाते. क्लिपा, पिना, कानातलं, नथ, अंगठी सगळं बाहेर. चिकटपट्टी लावून झाकलेलं कानातलंसुद्धा नको, मी कानाची पाळी फाटलेली पाहिली आहे. नखं हाताची आणि पायाचीही कापलेली. पायाची सगळे विसरतात.

डोकं झाकून खेळायचं असेल तर पिनेशिवाय घट्ट बसणारं क्रीडा-आवरण मिळतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरेबियाच्या वोजदान शाहेरकानी डोकं झाकूनच ज्युदो खेळल्या. स्पर्धेत जायचं असेल तर त्या संघटनेचा नियम आधी वाचा.

पाळी चालू असताना?

इच्छा असेल तर या, नसेल तर येऊ नका. वैद्यकीयदृष्ट्या मनाई नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरणाऱ्यांना सोपं जातं. पॅड सरकतो, तो घट्ट काळ्या शॉर्टखाली बरा राहतो. पांढऱ्या गीखाली काळी शॉर्ट हा जुना तोडगा. मॅटवर डाग पडला तर जंतुनाशकाने पुसायचा. नाकातून रक्त आलं तरी आम्ही तेच करतो, आणि ते जास्त वेळा येतं.

गरोदरपणात आणि नंतर?

गरोदर असल्याचं कळलं की समोरचीशी झटापट आणि फेकाफेकी बंद. पोटावर मार आणि पडणं, दोन्ही धोक्याचं. चालणं, हलकी ताकदीची तालीम चालू ठेवता येते, डॉक्टरांना विचारून. बाळंतपणानंतर घाई करू नका. उडी मारताना, कंबर उचलताना लघवी गळत असेल तर ती अनेकींना होणारी आणि उपचाराने सुधारणारी गोष्ट आहे. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. गप्प बसून काळी पँट घालणं हा इलाज नव्हे.

त्वचेचे रोग होतात म्हणे?

होतात. नायटा आणि पुवाचे फोड हे नेहमीचे. चेहऱ्या-मानेवर पाणीदार फोडांचा पुंजका आला तर हर्पीस असू शकतो. यातलं काही दिसलं की वर्गाला न येणं हीच सभ्यता. दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नायट्याला लावू नका. खाज थांबते आणि आत रोग पसरतो. सराव झाला की लवकरात लवकर अंघोळ, कपडे रोज धुतलेले, मॅट रोज जंतुनाशकाने पुसलेली, आणि मॅटबाहेर चप्पल, मॅटवर अनवाणी. स्वच्छतागृहातून अनवाणी येऊन मॅटवर चढणारी व्यक्ती कितीही मोठ्या पट्ट्याची असो, तिला परत पाठवा.

गुडघे आणि कान?

उडी, वळण, झटका असलेल्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण महिलांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि नीट उतरणं यावर वेळ घालवा, आणि पाय अडकलेला असताना अंग फिरवू नका. कान घासून आत रक्त साचलं तर पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांकडून काढून घ्या. राहिलं तर कूर्चा खराब होऊन कान कायमचा गाठाळ होतो. काहींना तो मिरवायला आवडतो. नसेल आवडत तर कानाचं कवच वापरा.

मिश्र वर्गात कधी जायचं? की जायचंच नाही?

दोन्ही करा, जमेल तेव्हा. जाड, उंच, वेगळ्या चालीचे जोडीदार मिळाल्याने खेळ वाढतो. फक्त महिलांशीच खेळलं तर त्याच चार जणींच्या सवयी पाठ होतात. पण ‘आता तयार झालीस, आता खऱ्या वर्गात ये’ अशी भाषा ऐकली की माझं डोकं फिरतं. महिलांचा वर्ग काही बालवाडी नाही. ज्यांना तिथेच राहायचं त्यांनी काळा पट्टा होईपर्यंत तिथे राहावं, आणि वर्गाने त्यांना तिथवर न्यायची धमक ठेवावी. मिश्र वर्गात जोडीदार नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. ‘आज नको, धन्यवाद’ एवढं पुरे.

हे शिकल्यावर मी स्वतःचं रक्षण करू शकेन?

पूर्वीपेक्षा बरं कराल. वजन अंगावर असताना डोकं शांत ठेवणं, सुटून उभं राहणं, पळणं याची सवय होते. पण दोन तासांच्या शिबिरात आत्मविश्वास वाटतो, येत काही नाही. आणि त्रास देणारा बहुतेकदा ओळखीचा असतो, हा भाग डावपेचांत येतच नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, त्यातला अंगझटापटीचा भाग थोडा. बाकी बराचसा भाग धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणताना होणारा संकोच मोडणं यावर. पुढच्या वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण त्या गटात ५.२ टक्के राहिलं, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के. म्हणून स्वसंरक्षणासाठीच येत असाल तर असं प्रशिक्षणही शोधा. खेळ खेळासाठी खेळा.

स्पर्धेसाठी वजन उतरवावं लागतं का?

पहिल्या वर्षी अजिबात नको. आहे त्या वजनात खेळा. वरच्या पातळीवर हा प्रश्न किती धारदार होतो ते २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दिसलं: ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगाट दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि बाद ठरल्या. पाळी थांबेपर्यंत जेवण तोडायला सांगणारा प्रशिक्षक तुमचं नुकसान करतोय; पाळी बंद होणं हा शरीराने दिलेला इशारा आहे.

मुलगी दहा वर्षांची आहे. पाठवू का?

पाठवा. बहुतेक नियमावल्यांत लहान वयोगटात गळ्याचे आणि सांध्यांचे डाव बंद किंवा मर्यादित असतात. पालकांना बसून बघता येतं का, आणि एकट्या मुलीला बंद दाराआड शिकवलं जात नाही ना, एवढं खात्री करून घ्या.

ट्रान्स महिलांना प्रवेश असतो का?

स्पर्धेचे नियम संघटनेगणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात. वर्गाचं धोरण वर्गाने लिहून ठेवावं आणि विचारल्यावर सरळ सांगावं. जोडी लावताना आमचा निकष सगळ्यांना एकच: वजन, अनुभव, आणि दोघींची तयारी.

आमच्याकडे असा वर्गच नाही. आम्ही तिघी आहोत. सुरू करता येईल?

येईल. एखाद्या क्लबची रिकामी वेळ आणि मॅट मागा, आणि सुरुवातीचा महिना-दोन महिने कुणीतरी अनुभवी बाई किंवा माणूस समोर हवाच. फेकीचे आणि गळ्याचे डाव व्हिडिओ बघून करू नका. बाकी, तिघींना पुरेसं काम आहे. दोघी मॅटवर, तिसरी घड्याळ धरून बाहेर. तीन मिनिटं माउंटमधून सुटणं, सुटली की पुन्हा तिथूनच. मग बदली. बाहेर बसलेलीने फक्त एक गोष्ट बघायची: श्वास कोंडलाय का. अर्ध्या तासात प्रत्येकीच्या सहा-सात फेऱ्या होतात आणि तिघींचेही केस सुटलेले असतात. चौथी आली की दोन जोड्या होतील. मग घड्याळ भिंतीला टांगा.